खांडबाऱ्याची मॉरिस

निवृत्त झाल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी एक गाडी विकत घेतली. ती चालत नव्हती. तिची चारही चाकं मातीत रुतलेली होती आणि मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती.

नंदुरबारच्या एका शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. मूळ गाव कोरीट. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर वडिलांचं ऑइल इंजिन होतं. दरवर्षी रब्बीच्या आधी वडील ते सगळं खोलून, डिझेलने धुऊन पुन्हा बसवायचे आणि पाने हातात द्यायला मी असायची. ते न बघता हात मागे करायचे आणि मी बरोबर आकड्याचा पाना त्या हातावर ठेवायची. मी बारा वर्षांची असताना एकदा काकू बांधावर उभी राहिली आणि वडिलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आंडेरना हात दखा, कसा काया व्हयी गयात. उद्या हिले दखाले कोन यी?" मुलीचे हात काळे झाले, हिला पसंत कोण करणार, असं तिचं म्हणणं. वडील पाना फिरवत राहिले. पण पुढच्या वर्षी इंजिन खोललं तेव्हा त्यांनी मला हाक मारली नाही, आणि मीही गेले नाही.

पुढे कॉलेज, नोकरी, लग्न, मुलं असं सगळं रीतसर झालं. गाडी चालवायला शिकले तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. शाळेत मुलांना चार स्ट्रोकचं इंजिन फळ्यावर काढून दाखवायची. पिस्टन खाली, पिस्टन वर. खडूचा पिस्टन.

निवृत्तीनंतर आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने मला तिच्या माहेरी जेवायला नेलं. खांडबाऱ्याच्या पुढे, नवापूरच्या डोंगराकडे तिचं गाव. नवा भात आला होता. जेवण झाल्यावर बायका गप्पा मारत बसल्या आणि मी पाय मोकळे करायला म्हणून वाडीत फिरले. दोन घरं सोडून एक कुडाची पडवी होती, तिच्यात पेंढा रचलेला, आणि पेंढ्यातून एक गोल दिवा माझ्याकडे बघत होता. मी जवळ जाऊन थोडा पेंढा बाजूला केला. गोलसर बॉनेट, मधोमध पट्टी असलेली दोन तुकड्यांची पुढची काच, बसकं छप्पर. मॉरिस मायनर. इंग्लंडात बनलेली, माझ्याहून वयाने मोठी.

"बाई, सावकाश. आत कोंबडी आहे," मागून आवाज आला.

ऐंशीच्या पुढचे एक आजोबा उभे होते. ताठ, पांढरा शर्ट, गळ्यात दोऱ्यात ओवलेला छोटा क्रूस. मला नवल वाटलं ते त्यांच्या मराठीचं. त्या भागात घरी मावची बोलतात, आम्ही पठारावरचे लोक अहिराणी. यांचं मराठी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ होतं. मिशनच्या शाळेत आणि ख्रिस्ती देवळात शिकलेलं, हे नंतर कळलं.

ते त्या गाडीचे ड्रायव्हर होते. विलायतेहून आलेली एक नर्स इथे मिशनचा दवाखाना चालवायची. तिला ते मिससाहेब म्हणायचे. गाडी तिच्यासाठी बोटीने मुंबईला आली होती. अडलेल्या बाळंतिणींना, साप चावलेल्यांना, तापाने फणफणलेल्यांना डोंगरातून दवाखान्यात आणायचं, हे गाडीचं काम. मिससाहेब म्हातारी होऊन परत गेली तेव्हा गाडी रीतसर कागद करून या आजोबांच्या नावावर करून गेली. काही वर्षं त्यांनी ती चालवली, मग सुटे भाग मिळेनात, मग ती पडवीत उभी राहिली.

"विकणार का, बाबा?" माझ्या तोंडून निघून गेलं. मी गाडी घ्यायला आले नव्हते. त्या क्षणापर्यंत असं काही माझ्या मनातही नव्हतं.

"भंगारवाले येऊन गेले," ते म्हणाले. "सुरतेहून एक गृहस्थ आले. त्यांना हॉटेलच्या दारात ठेवायची होती, आत माती भरून फुलझाडं लावायला. मी त्यांना चहा पाजला आणि गाडीला लावलं. आगगाडीला. तुम्ही काय कराल?"

"चालवीन."

"स्वतः?"

"स्वतः."

ते घरात गेले आणि फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आले. गाडीचं हँडल. पुढून बंपरखालच्या भोकात घालून इंजिन फिरवायचं ते. सगळी गाडी गंजली होती, पण हँडल तेल लावून ठेवलेलं होतं.

"फिरवून दाखवा."

"इंजिन जाम असेल ना?"

"आहेच. तरी धरा."

मी हँडल आत बसवलं, पाय रोवले आणि जोर लावला. अर्थातच ते इंचभरही हललं नाही. बाबा मात्र माझ्या हाताकडे बघत होते. मी मूठ आवळली नव्हती, अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवला होता. इंजिन कधी उलटा झटका देतं, आणि अंगठा पलीकडून लपेटलेला असला तर मोडतो.

"अंगठा कोणी शिकवला?"

"वडिलांनी. विहिरीवरच्या इंजिनावर."

त्यांनी मान डोलावली. किंमत त्यांनीच सांगितली, ती मला रास्त वाटली, आणि विषय तिथे संपला.

चार दिवसांनी मी ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन गेले. तेव्हा त्यांच्या पत्नीला मी पहिल्यांदा नीट पाहिलं. बारीक अंगाच्या, कपाळ मोठं, बोलणं जवळजवळ नाही. त्यांनी कोंबडी अंड्यांसकट टोपलीत उचलून घेतली. मग पदराने गाडीची मागची काच पुसली, एकदाच, आणि घरात निघून गेल्या. गाडी ट्रॉलीवर चढवेपर्यंत गावातली सगळी माणसं जमली होती. त्या बाहेर आल्या नाहीत.

घरी आमच्या ह्यांनी अंगणात उतरवलेला तो सांगाडा पाहिला. ह्यांची बँकेतली नोकरी, शिस्तीचा माणूस. गाडीभोवती एक फेरी मारली, दारातून आत डोकावले आणि विचारलं, "आते यानं काय लोनचं घालशी?"

"दुरुस्त करीन."

"कोन करी? तू?"

"मी नि मेस्तरी."

मेस्तरी म्हणजे गावाबाहेर ट्रॅक्टर आणि डिझेल इंजिनं दुरुस्त करणारे एक कारागीर. साठीचे, हातात कमालीचं कसब, तोंडात कायम बडीशेप. वडिलांचं इंजिन शेवटच्या काळात तेच बघायचे, म्हणून ओळख. त्यांनी गाडी बघून कपाळाला हात लावला. "ताई, हाई गाडी नही, हाई तं गंजना डबा शे."

"चालू व्हयी का?"

ते खाली वाकले, इंजिनावर बोटांनी टकटक केलं, वास घेतला. "व्हयी," ते म्हणाले. "पन टाईम लागी."

गाडी त्यांच्या शेडमध्ये गेली आणि माझं नवं वेळापत्रक सुरू झालं. रोज सकाळी दहाला मी शेडवर जायची. मेस्तरींनी पहिल्या दिवशी एक खुर्ची झटकून ठेवली, चहा मागवला. "तुम्ही बठा, ताई." मी आठवडाभर बसले. स्पार्क प्लग काढून त्या भोकांतून डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ओतलं होतं. ते झिरपून पिस्टन सैल होण्याची वाट बघायची होती. आठव्या दिवशी मला बसवेना. मी तारेचा ब्रश उचलला आणि ब्रेकच्या ड्रमवरचा गंज घासायला लागले. मेस्तरींनी पाहिलं आणि दुपारी एक जुना एप्रन खुर्चीवर टाकून गेले. दुसऱ्या दिवसापासून खुर्ची गिऱ्हाइकांसाठी.

इंजिनाला मात्र मी रोज हँडल लावून बघायची. रोज भिंतीला ढकलल्यासारखं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी हँडल बोटभर सरकलं. आधी वाटलं माझा हातच घसरला. पुन्हा लावलं. पुन्हा बोटभर. आतून एक ओली कुरकुर आली.

"मेस्तरी!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या टायरवाल्याकडची माणसं धावत आली. त्यांना वाटलं हात सापडला.

त्यानंतर काम खरं सुरू झालं. हेड उघडलं, व्हॉल्व्ह घासले, पिस्टनच्या नव्या रिंगा आणि ब्रेकची रबरं पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या हौशी माणसाने मिळवून पाठवली. जे मिळालं नाही ते गावातल्या लेथवर करून घेतलं. गाडीचा तळ तर चाळणी झाला होता. धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या बनवणारे एक कारागीर आहेत, त्यांनी आयुष्यात गाडीला हात लावला नव्हता. त्यांनी वर्तमानपत्राचे कागद चिकटवून तळाचा नमुना कापला आणि कोठीच्याच पत्र्यातून असा तळ करून दिला की जोड शोधावा लागतो.

याच सुमारास बाबा येऊ लागले. मी फोन करून विचारलं होतं की ब्रेक ऑइलचा मुख्य पंप कुठे आहे, मेस्तरींनी बॉनेटखाली सगळं धुंडाळलं तरी तो सापडला नव्हता. फोनवर बाबा खूप वेळ हसले. "ड्रायव्हरच्या पायाखाली, बाई. तळाच्या आत. तुम्ही तळ बंद करून टाकू नका, मी येतो." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने खांडबाऱ्याहून नंदुरबारला हजर. सोबत फडक्यात भाकरी आणि उडदाची डाळ, माझ्यासाठीही. कोठीवाल्यांना नवा तळ कापून त्यात झाकणाची खिडकी करावी लागली. ते आधी रागावले, पण खिडकी त्यांनी अशी देखणी केली की नंतर येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःच उघडून दाखवायचे.

मग बाबा दर मंगळवारी यायचे. स्टुलावर बसायचे, कमी बोलायचे, पण बोलले की ते कामाचं असायचं. नदीतून गाडी काढायची तर आधी पंख्याचा पट्टा उतरवायचा, म्हणजे पंखा पाणी उडवत नाही आणि प्लग भिजत नाहीत, हे त्यांनी सांगितलं. गाडीचा मूळ रंग कोणता हे कोणालाच माहीत नव्हतं, तर त्यांनी डॅशबोर्डच्या मागे नखाने खरवडून राखाडी झाक असलेला हिरवा काढून दाखवला. तोच पुढे दिला.

एक दिवस फजिती झाली. इंजिन बसलं होतं, मेस्तरींनी नवी बॅटरी जोडली, नेहमीसारखी, ऋण टोक बॉडीला. मी दिव्याची कळ दाबली आणि डॅशबोर्डमधून धूर निघाला. मी बॅटरीची वायर ओढून काढली, हात भाजला थोडा. जुन्या वायरींवर कापडाचं वेष्टन होतं, ते कुजून आत तारेला तार लागली होती. मेस्तरींचा चेहरा उतरला. तीस-चाळीस वर्षांत त्यांच्या हातून असं झालं नव्हतं, आणि टायरवाला बघत होता.

"सोडी द्या ताई हाई गाडी," ते म्हणाले. "मन्हाकडथून नही व्हवाव."

माझ्याकडून नाही होणार, म्हणाले, आणि बाहेर जाऊन बसले. मी शेडमध्ये एकटी राहिले. रडू आलं नाही, पण येईल असं वाटत होतं, म्हणून मी बॅटरीच्या जागेकडे बघत बसले. आणि एक गोष्ट लक्षात आली. बॅटरीचं धन टोक ऋण टोकापेक्षा जाड असतं. बॉडीला जोडलेली जी जुनी पट्टी होती, तिची कडी ऋण टोकावर सैल बसत होती. मी ती काढून धन टोकावर ठेवली. चपखल. म्हणजे या गाडीत धन टोक बॉडीला होतं. सगळं उलटं.

मी बाबांना फोन लावला. "होय तर," ते म्हणाले. "मिससाहेब म्हणायच्या, हिची वीज उलटी वाहते. मी सांगायचं विसरलो. म्हातारा झालो, बाई."

मी घरी गेले आणि उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पुरवण्या काढल्या, त्या प्रत्येक शिक्षकाच्या घरी असतात. सहा पानं जोडून त्यावर गाडीची सगळी वायरिंग काढली. डायनॅमो, कटआउट, दिवे, हॉर्न, पेट्रोलचा पंप. तीस वर्षं मी मुलांकडून बल्ब आणि दोन सेलची आकृती काढून घेतली होती. स्वतः एवढी मोठी आकृती पहिल्यांदाच काढली. तिसऱ्या दिवशी पानं घेऊन शेडवर गेले आणि मेस्तरींसमोर पसरली. त्यांनी बडीशेपेची पुडी बाजूला ठेवली, बोट फिरवत फिरवत शेवटपर्यंत गेले.

"कोन करी हाई?"

"मी. तुम्ही फक्त दखा."

पुढचा महिना मी गाडीच्या आत, डॅशबोर्डखाली, उताणी पडून होते. मान दुखायची, डोळ्यांत गंज पडायचा. ट्रॅक्टर घेऊन आलेले शेतकरी बाहेर डोकावणाऱ्या चपला बघून विचारायचे, हे कोण? एकदा एकाने थट्टा केली तेव्हा मेस्तरी अगदी गंभीरपणे म्हणाले, "ह्या मन्हा वायरमन शेतस." त्या दिवशी मी चपलांसकट लाजले.

या गाडीला वळताना दाखवायला लुकलुकते दिवे नाहीत. दोन दरवाजांच्या मधल्या खांबातून एक छोटा पिवळा हात बाहेर येतो, आत दिवा असलेला. डावा हात उठला तेव्हा शेडमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उजवा उठायला आणखी चार दिवस लागले.

त्या मंगळवारी बाबा खूश होते. मी सहज म्हटलं, "बाबा, पुढच्या वेळी आजींना आणा ना. त्यांनाही बघू दे."

मेस्तरी लेथवर गेले होते, शेडमध्ये आम्ही दोघेच.

"ती नाही यायची," बाबा म्हणाले. "या गाडीत ती कधी बसली नाही."

मग त्यांनी सांगितलं. मिशनचा नियम होता, गाडी रोग्यांसाठी. त्यांच्या पत्नीचे दिवस भरले होते तेव्हा पलीकडच्या डोंगरातून निरोप आला, एक बाई दोन दिवसांपासून अडली आहे. मिससाहेब आणि ते गाडी घेऊन गेले. ते गेल्यावर इकडे पत्नीला कळा सुरू झाल्या. शेजाऱ्यांनी बैलगाडी जुंपली. दवाखाना फार लांब नव्हता, पण ओढ्याला उतार आणि चढ, बैल थकलेले. बाळ वाटेतच झालं. मुलगी होती. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली.

"पलीकडची बाई वाचली," ते म्हणाले. "तिचं बाळही वाचलं. मी परत आलो तो आनंदात आलो, बाई. हॉर्न वाजवत आलो."

मी हात पुसले. त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"ती मला कधी काही बोलली नाही. नंतर मुलं झाली, देवाने सगळं दिलं. पण गाडी दाराशी आली तेव्हा तिने तिच्यात कोंबड्या बसवल्या. मी त्या कधी हाकलल्या नाहीत."

गाडी पूर्ण व्हायला पावणेदोन वर्षं लागली. मध्ये कागदपत्रं. गाडीचं नोंदणीचं पुस्तक बाबांनी पत्र्याच्या पेटीत पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या खाली जपून ठेवलं होतं, त्यामुळे काम निभावलं, पण हेलपाटे व्हायचे ते झालेच. ह्या कामाला शेवटी आमचे हेच जायला लागले. बँकेतल्या माणसाला फायलींची भीती नसते. एकदा तर ते शेडवर येऊन तासभर दाराच्या कड्या ब्रासोने घासत बसले, आणि कोणी बघितलं नाही असं त्यांना वाटलं.

इंजिन सुरू झालं ती सकाळ मी विसरणार नाही. आधी पेट्रोलचा पंप टिकटिकला, मग थांबला. मेस्तरी म्हणाले, "तुम्ही फिरवा, ताई." दोनदा गाडी नुसती खोकली. तिसऱ्या वेळी पकडलं. शिवणयंत्र चालावं तसा आवाज, हलका, एकसारखा. मेस्तरींनी डोळे मिटून ऐकलं. मग टायरवाल्याकडे वळून एवढंच म्हणाले, "ऐक."

नाताळच्या आधीच्या रविवारी मी गाडी घेऊन बाबांच्या गावाला गेले. शेजारी हे, बाळ धरावं तसा पाण्याचा डबा मांडीवर धरून. देवळातली उपासना संपली होती, माणसं घरी परतत होती. गाडी गावात शिरली आणि लहानथोर सगळे मागे. बाबा रस्त्यात येऊन उभे राहिले. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि इंजिन बंद करू नका अशी खूण केली. बराच वेळ ते तसेच उभे होते.

आजी दारात होत्या. मी उतरून त्यांना नमस्कार केला. बसा, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी म्हटलं नाही. त्या आपण होऊन अंगणात आल्या. गाडीभोवती हळूहळू फिरल्या. मागचा दरवाजा उघडला, नव्या रेक्झिनच्या सीटकडे पाहिलं, सीटवर हात फिरवला आणि दरवाजा लावला. मग पुढचा दरवाजा उघडून ह्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. हे लगबगीने उतरले. आजी पुढच्या सीटवर बसल्या, लुगडं सावरलं आणि त्यांच्या बोलीत काहीतरी बोलल्या.

बाबांनी मला मराठीत सांगितलं. "दवाखान्यापर्यंत ने म्हणते."

बाबा आणि हे मागे बसले. जुना दवाखाना आता बंद आहे, एका खोलीत अंगणवाडी भरते. रस्ता डांबरी झाला आहे, ओढ्यावर पूल आहे. उतारावर मी गिअर बदलला, पुलावरून गेलो, चढ चढलो. कौलारू इमारतीसमोर मी गाडी थांबवली.

आजींनी काही विचारलं. "किती वेळ लागला, विचारते," बाबा म्हणाले.

ह्यांनी घड्याळ बघितलं. "बारा मिनिटं."

आजींनी ते बाबांच्या तोंडून आपल्या भाषेत पुन्हा ऐकलं. त्या समोरच्या काचेतून दवाखान्याच्या बंद दाराकडे बघत राहिल्या. मग मागे न वळता त्यांनी हात मागे केला, आणि बाबांनी तो धरला. मी आणि हे खाली उतरलो आणि हापशावर पाणी प्यायला गेलो. तहान कोणालाच नव्हती.

आम्ही परत आलो तेव्हा आजींचे डोळे ओले होते, पण चेहरा मोकळा होता. आता घरी जायचं ना, असं मी खुणेने विचारलं. त्यांनी ठामपणे मान हलवली. नाही. खांडबारा. नाताळ दोन दिवसांवर आला होता, सामान राहिलं होतं.

खांडबाऱ्याला आम्ही सुकी मासळी, गूळ, नातवासाठी सदरा आणि लाल बांगड्या घेतल्या. आजी पुढच्या दारातून उतरायच्या आणि पुढच्याच दारातून चढायच्या. परतताना वळणावर पिवळा हात बाहेर आला तो त्यांनी पाहिला आणि खुदकन हसल्या. पुन्हा कर म्हणाल्या, ही खूण मला भाषेशिवाय कळली. वळण नसलेल्या सरळ रस्त्यावर मी तो हात निदान दहा वेळा बाहेर काढला असेन. मागून येणारा मोटरसायकलवाला वैतागून हॉर्न मारत पुढे निघून गेला.

आता या गोष्टीला वर्ष झालं. मेस्तरींकडे सध्या एका जुन्या जीपची वायरिंग निघाली आहे, ती मी करते. आजी मला महिन्यातून एकदा फोन करतात. त्यांचं मराठी थोडं सुधारलं आहे आणि माझी मावची अजिबात नाही, तरी आमचं चालतं.

गेल्या आठवड्यात मी आणि हे तापी ओलांडून खापरच्या बाजाराला निघालो होतो. अक्कलकुवा मागे पडल्यावर गाडी आचके देऊन थांबली. पेट्रोलच्या पंपाची टिकटिक ऐकू येत नव्हती. मी बॉनेट उघडलं, पंपाचं काळं टोपण काढलं, आतले विजेचे पॉइंट कागदाच्या पट्टीने घासून साफ केले. हे उन्हाला छत्री धरून उभे होते. तेवढ्यात डोक्यावर मिरच्यांचं गाठोडं घेतलेली एक बाई रस्त्याने आली, थांबली, माझं काम संपेपर्यंत बघत राहिली. पंप टिकटिकला तशी तिने विचारलं, "खापर?"

"खापर," मी म्हटलं.

तिने गाठोडं मागच्या सीटवर ठेवलं आणि शेजारी बसली. मिरच्या चांगल्या वाळलेल्या होत्या. खापर येईपर्यंत आम्ही तिघेही शिंकत होतो.